वर्गणी स्वतःच्या खिशातून: अमेरिकी सरकारी नोकरीतल्या बायकांची संघटना

फाईलबंद

नमस्कार मंडळी. मी एरवी वाचनमात्र असते, पण गेल्या आठवड्यात दोघीतिघींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून एकच प्रश्न विचारला, म्हणून धागाच काढते. प्रश्न असा: "तू अमेरिकेत फेडरल नोकरीत आहेस. तिथली ती बायकांची संघटना खरंच काही करते, की नुसती वर्गणी गोळा करते?"

संघटनेचं नाव फेडरली एम्प्लॉइड विमेन. आद्याक्षरं जुळवली की 'फ्यू' होतं, म्हणजे 'मोजक्या'. १९६८ साली ती सुरू झाली तेव्हा वरच्या खुर्च्यांवर बायका खरोखरच मोजक्या होत्या.

तिच्या जन्माची गोष्ट मला फार आवडते. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ११२४६ क्रमांकाचा आदेश काढला. वंश, वर्ण, धर्म, मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करायचा नाही, असा. त्यात बायकांचा उल्लेखच नव्हता. तो ऑक्टोबर १९६७ मध्ये ११३७५ क्रमांकाच्या आदेशाने घातला गेला आणि पाठोपाठ सरकारने स्वतःचा 'फेडरल विमेन्स प्रोग्रॅम' सुरू केला. आता कुणीही म्हणेल, सरकारच करतंय तर बाहेर वेगळी चूल कशाला? ॲली लॅटिमर या सरकारी वकील बाईंनी आणि त्यांच्या सोबतिणींनी ते उलटं ओळखलं. सरकारने सुरू केलेला कार्यक्रम सरकार केव्हाही गुंडाळू शकतं. तेव्हा आपली एक संघटना सरकारच्या बाहेर हवी, सभासदांच्या पैशावर उभी असलेली. (याच लॅटिमरबाई पुढे १९७७ मध्ये जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशनच्या जनरल कौन्सेल, म्हणजे त्या खात्याच्या मुख्य कायदा अधिकारी झाल्या. त्या पदावरची पहिली स्त्री, आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्तीही.)

मी नवी होते तेव्हा हे ऐकून वाटलं होतं, जरा अतीच सावध बाया दिसतात. मग जानेवारी २०२५ मध्ये ११२४६ हा मूळ आदेशच रद्द झाला, आणि आमच्या खात्यातली महिला कार्यक्रमाची समिती एका ईमेलने बंद झाली. मूळ काम सांभाळून मी त्या समितीचं काम बघायचे. दुसऱ्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या सूचनाफलकावर पोस्टर नव्हतं, चार कोपऱ्यांच्या चार टाचण्या तेवढ्या होत्या. सत्तावन्न वर्षांनी लॅटिमरबाईंचा हिशेब बरोबर निघाला.

आता वर्गणीबद्दल. पहिल्यांदा सभासद झाले तेव्हा मी प्रशिक्षणाच्या अर्जावर (त्याला एसएफ-१८२ म्हणतात) संघटनेच्या राष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रमाची फी आणि सभासदत्वाची फी अशा दोन्ही ओळी लिहून टाकल्या होत्या. प्रशिक्षण विभागातल्या बाईंनी लाल पेनने दुसऱ्या ओळीवर काट मारली. "प्रशिक्षणाचे पैसे ऑफिस देईल. हे तुझ्या पर्समधून." कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक सभासदत्वाची फी सरकारी पैशातून भरायची नाही, असा इथे कायदाच आहे. प्रशिक्षणाचा खर्च मात्र १९५८ च्या प्रशिक्षण कायद्यानुसार ऑफिस करू शकतं. म्हणून वार्षिक मेळाव्याचं नावही 'प्रशिक्षण कार्यक्रम', अधिवेशन नाही!

तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, ती काट मारलेली ओळच या संघटनेचा कणा आहे. विचारा काय विचारायचं ते, जमेल तसं लिहीन.

गोगलगाय

छान धागा. एक बाळबोध शंका. ही युनियन आहे का? संप वगैरे करते?

फाईलबंद

नाही आणि नाही. युनियन खात्याशी वाटाघाटी करून करार करते, ही करत नाही. ही आपली सभासद संघटना: प्रशिक्षण, ओळखीपाळखी, आणि कायदे बदलून घेण्यासाठी पाठपुरावा. दोन्हींची सभासद असलेल्या कितीतरी बायका आहेत.

संप तर फेडरल नोकरीत कुणालाच करता येत नाही. १९८१ मध्ये विमान वाहतूक नियंत्रकांनी करून पाहिला, तर रेगन यांनी ११ हजारांहून जास्त लोकांना घरी बसवलं. त्यामुळे आमचं सगळं काम गोडीगुलाबीचं आणि चिकाटीचं. तेही सरकारी वेळेत नाही. काँग्रेसमधल्या (म्हणजे इथल्या संसदेतल्या) प्रतिनिधीला भेटायचं तर रजा टाकायची आणि फोन-ईमेल स्वतःचे वापरायचे.

खडूस कारकून

विषय चांगला आहे, पण मला मुळात गरज कळली नाही. खासगी कंपनीत साहेब मर्जीने पगार ठरवतो, तिथे बायकांवर अन्याय होतो हे मान्य. सरकारी पगार तक्त्यात छापलेला असतो. ग्रेड अमुक, पायरी तमुक, पगार इतका. तक्त्याला कुठे कळतं माणूस आहे की बाई? मग तफावत येतेच कुठून?

फाईलबंद

खडूसराव, हा प्रश्न मीही नोकरीला लागताना विचारला असता. तक्ता आंधळा आहे हे खरं, पण तक्त्यात तुम्हाला कुठल्या चौकटीत बसवायचं हे माणूस ठरवतो.

माझंच सांगते. इथला जीएस (जनरल शेड्यूल) हा पगाराचा तक्ता म्हणजे १५ ग्रेड, आणि प्रत्येक ग्रेडमध्ये १० पायऱ्या. नवा माणूस साधारणपणे पहिल्या पायरीवर लागतो. मी आणि एक सहकारी एकाच सोमवारी रुजू झालो. ग्रेड तोच, काम तेच, टेबलंसुद्धा समोरासमोर. सहा महिन्यांनी गप्पांत कळलं, तो पाचव्या पायरीवर लागला होता. त्याने आधीच्या खासगी नोकरीची पगारपावती दाखवून वरची पायरी मागितली होती, आणि ती मिळाली होती. नियमात तशी सोय आहे. मी मुलगी लहान असताना अर्धवेळ काम करायचे, दाखवण्यासारखी पावतीच नव्हती. आणि खरं सांगायचं तर मागता येतं हेच माहीत नव्हतं.

आता गणित बघा. पहिल्या तीन पायऱ्या चढायला एकेक वर्ष लागतं, चौथीवरून पाचवीवर जायला दोन वर्षं. म्हणजे तो ज्या जागी पहिल्या दिवशी उभा होता, तिथे पोचायला मला पाच वर्षं लागली. तोवर तो अर्थातच पुढे गेलेला. तक्ता अगदी बरोबर, दोघांनाही नियमाप्रमाणेच पगार. आधीच्या नोकरीतली तफावत तेवढी सरकारी शिक्का मारून पुढे चालू राहिली.

जानेवारी २०२४ मध्ये नियम आला, की फेडरल नोकरीत पगार ठरवताना आधीचा बिगरसरकारी पगार विचारात घ्यायचा नाही. माझ्या वेळी असता तर!

आकडेच हवे असतील तर सरकारचंच लेखापरीक्षण कार्यालय, जीएओ, त्यांचा २०२० चा अहवाल आहे. पुरुषाच्या एका डॉलरमागे फेडरल कर्मचारी बाईला १९९९ मध्ये सरासरी १९ सेंट कमी मिळत होते, २०१७ मध्ये ७ सेंट. म्हणजे सुधारणा भरपूर. पण त्या ७ पैकी ६ सेंटचं स्पष्टीकरण शिक्षण, अनुभव, कामाचा प्रकार यांतल्या कशातूनच मिळत नाही.

खडूस कारकून

पायरीचं गणित पटलं. शब्द मागे घेतो. अर्धे. 😄

चष्मेबहाद्दर

इतिहास निघालाच आहे तर माझं थोडं (म्हणजे बरंच) अवांतर.

अमेरिकी सरकारी कचेरीत बाई आली तीच मुळी स्वस्त म्हणून. रेडक्रॉसवाल्या क्लारा बार्टन आठवतात? त्या १८५४ मध्ये वॉशिंग्टनच्या पेटंट ऑफिसात लागल्या, पुरुष कारकुनांइतक्याच, म्हणजे वर्षाला १,४०० डॉलर पगारावर. ते वरच्या मंत्र्यांना रुचेना. शेवटी बाईंना नक्कलनवीस करून टाकलं, शंभर शब्द उतरवले की १० सेंट. ती इमारत अजून उभी आहे, आत आता चित्रांचं संग्रहालय आहे.

मग यादवी युद्ध आलं. पुरुष आघाडीवर गेले. तेव्हा नोटांचे मोठाले ताव छापून यायचे आणि एकेक नोट कात्रीने कापावी लागायची. ट्रेझरीचे खजिनदार फ्रान्सिस स्पिनर यांनी डोकं चालवलं: कात्री बायकांच्या हातात जास्त चांगली चालते, आणि बायका कमी पगारात येतात! ६०० डॉलरवर बायका ठेवल्या, पुरुष कारकुनाचा पगार १,२०० पासून पुढे. त्यांना बायकांच्या सरकारी नोकरीचे जनक म्हणतात. जनक खरेच, पण हिशेबी जनक.

पुढची गंमत, म्हणजे गंमत कसली. १९३२ च्या काटकसर कायद्यात २१३ नंबरचं कलम होतं. नवराबायको दोघंही फेडरल नोकरीत असतील, तर कपातीच्या वेळी अशा जोडप्यातल्या एकाला आधी काढायचं. कलमात 'बायकोला' असं कुठेही लिहिलेलं नाही. पण घरात बसून ठरवायचं म्हटल्यावर जिचा पगार कमी तीच राजीनामा देणार ना? १९३७ ला ते कलम गेलं.

तिसरी गोष्ट. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने खासगी मालकांना भेदभाव बंद केला. 'मालक' या शब्दाच्या व्याख्येतून फेडरल सरकारने स्वतःला मात्र वगळून घेतलं! फेडरल कर्मचाऱ्यांना तो कायदा लागू झाला १९७२ मध्ये. फाईलबंद ताईंची संघटना तेव्हा चार वर्षांची होती.

मधली सुट्टी

वाह चष्मेबहाद्दर, वाचनखूण साठवली.

त्या 'एकाला काढा'वरून आपल्याकडच्या सी. बी. मुथम्मा आठवल्या. भारतीय परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी. तेव्हा त्या सेवेत बाईने लग्न करायचं तर सरकारची लेखी परवानगी लागायची. त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ च्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी सरकारला चांगलंच सुनावलं. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेतही लग्न झालं की बाईने राजीनामा द्यायचा, ही रीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत होती ना?

चष्मेबहाद्दर

होती. आणि छापील नियम शोधायला जा, सापडत नाही. नुसती रीत. 'असंच असतं' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बायका राजीनामे देत गेल्या.

तिरकस

पुरुषांची पण काढा एक संघटना. फेडरली एम्प्लॉइड मेन. वर्गणी मी भरतो.

फाईलबंद

तिरकसराव, या संघटनेतच या की. सभासद व्हायला बाई असण्याची अट नाही.

वळचण

सगळे कौतुक करताहेत म्हणून जरा वेगळा सूर लावते, रागावू नका.

मीही फेडरल नोकरीत आहे, एका लहान ऑफिसात, जीएस-५ वर. फाईलबंदताई, तुम्ही म्हणता प्रशिक्षणाचे पैसे ऑफिस देतं. देतं नाही, देऊ *शकतं*. मी तीन वर्षं लागोपाठ तो एसएफ-१८२ भरला. पहिल्या वर्षी साहेब म्हणाले, बजेट संपलं. दुसऱ्या वर्षी म्हणाले, तुझ्या कामाशी याचा संबंध काय? तिसऱ्या वर्षी अर्ज त्यांच्या टेबलावर पडून राहिला आणि मुदत टळली. त्याच वर्षी आमच्या विभागातल्या जीएस-१४ बाई जाऊन आल्या, कारण त्यांचा अर्ज त्यांच्या वरच्या साहेबांकडे जातो आणि ते सही करतात.

म्हणजे ज्या पुढे गेलेल्या, त्या अजून पुढे. माझ्यासारखीला त्या सभागृहापर्यंत पोचायलाच साहेबाची सही लागते, आणि साहेबाची सही मिळत नाही हाच तर मूळ प्रश्न! 'स्वतःच्या खिशातून' हे तुमच्या खिशाला सोपं आहे.

अबोली

वळचणशी अर्धी सहमत. पण या सगळ्याचा फायदा फक्त तिथे जाणाऱ्यांना होतो असं नाही, म्हणून माझं लिहिते.

मोठ्या मुलाच्या वेळी फेडरल नोकरीत बाळंतपणाची पगारी रजा असा प्रकारच नव्हता. १९९३ च्या कायद्याने १२ आठवडे रजा मिळायची, तीही बिनपगारी. पगार हवा असेल तर साठवलेली आजारपणाची रजा वापरा. ती दर पंधरवड्याला ४ तास जमते. साध्या बाळंतपणातून बरं व्हायला सहा आठवडे धरतात, म्हणजे २४० तास. करा भागाकार: सव्वादोन वर्षांहून जास्त काळ एकदाही आजारी पडायचं नाही! मी लग्नाआधीपासून ताप अंगावर काढून तास जमवत होते. फ्रिजवर कागद लावला होता, त्यावर दर पंधरा दिवसांनी आकडा खोडून नवा लिहायचा. नवरा चेष्टा करायचा, आरडी काढलीय म्हणून. तरी ५२ तास कमी पडलेच. ते आगाऊ घेतले आणि परतल्यावर वर्षभर फेडले. बाळ आजारी, मी आजारी, आणि रजेचा आकडा वजा.

धाकटीच्या वेळी, २०२१ मध्ये, १२ आठवडे पगारी. डिसेंबर २०१९ मध्ये कायदा झाला आणि १ ऑक्टोबर २०२० पासून लागू. नवऱ्यालाही (तोही फेडरल) तितकीच. परत येऊन १२ आठवडे काम करीन एवढं लिहून दिलं की झालं. हा कायदा कुणा एकाच संघटनेने आणला असं मी म्हणणार नाही, युनियन होत्या, खासदार होते. पण वर्षानुवर्षं रजा टाकून काँग्रेसच्या कचेऱ्यांमध्ये खेटे घालणाऱ्या बायकांमुळे माझ्या फ्रिजवर दुसऱ्यांदा कागद लागला नाही. आणि त्यासाठी मला कुणाच्या सहीची गरज पडली नाही.

वळचण

हे मान्य, अबोली. ५२ तास वाचून पोटात कालवलं.

फाईलबंद

वळचण, रागवायचं काय त्यात. तुमचं बरोबरच आहे. 'ऑफिस देईल' हे मी जसंच्या तसं लिहिलं, खरं ते 'देऊ शकतं'च. आमच्या समितीत मी निम्नग्रेडच्या अर्जांचं काय होतं हे कधी मोजलंही नाही. मोजायला हवं होतं, तेव्हा खुर्ची होती. आता समितीच नाही.

एकच सुचवते: पुढच्या वेळी नकार तोंडी घेऊ नका. ईमेल करून लेखी कारण मागा. 'कामाशी संबंध काय' हे लिहिताना साहेबलोकांचा हात जरा अडखळतो.

चष्मेबहाद्दर

लेखीवरून आठवलं. मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्ड या फेडरल नोकरीवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाने १९८० मध्ये फेडरल कर्मचाऱ्यांची पाहणी केली, आधीच्या दोन वर्षांत लैंगिक छळ झाला का म्हणून. ४२ टक्के बायका हो म्हणाल्या. १९९४ च्या पाहणीत ४४ टक्के. मध्ये चौदा वर्षं, ढिगाने परिपत्रकं, आणि आकडा जागच्या जागी.

नवा आयडी

आजच खातं उघडलंय. हा धागा पहिल्यापासून वाचला.

विचारू की नको असं झालंय. मी इथे फेडरल ऑफिसात आहे. वरच्या चष्मेबहाद्दरांच्या प्रतिसादात जे आहे तसं काहीसं माझ्याबाबतीत घडलंय. तपशील नको. मी साहेबांना सांगितलं, ते म्हणाले, 'मी बघतो, थोडं थांब.' त्यांच्यावर माझा विश्वास आहे. ते बघताहेत तोवर थांबावं की आणखी कुठे सांगावं? घडून पाच आठवडे झाले.

फाईलबंद

थांबू नका. आधी दिवस मोजा.

फेडरल नोकरीत भेदभावाची किंवा छळाची तक्रार करायची तर घटना घडल्यापासून ४५ दिवसांत तुमच्या खात्याच्या ईईओ (समान रोजगार संधी) समुपदेशकाशी संपर्क करावा लागतो. कामाचे दिवस नव्हेत, कॅलेंडरचे ४५, शनिवार-रविवार धरून. पाच आठवडे म्हणजे ३५ गेले. साहेब 'बघताहेत' म्हणून घड्याळ थांबत नाही. ते चांगले असतील, मनापासून बघतही असतील, तरी थांबत नाही. मुदत गेली की पुष्कळदा तक्रार तिथेच फेटाळली जाते.

संपर्क केला म्हणजे लगेच औपचारिक तक्रार होत नाही. तो आधीचा टप्पा आहे, साधारण ३० दिवसांचा. त्या टप्प्यात तुमचं नाव तुमच्या परवानगीशिवाय समुपदेशक उघड करत नाहीत. पुढे जायचं की नाही ते नंतर ठरवा. दार तेवढं बंद होऊ देऊ नका.

हा ४५ चा आकडा दर दोन वर्षांनी सक्तीच्या ऑनलाइन प्रशिक्षणात येतो. आपण सगळे तिथे 'पुढे, पुढे' क्लिक करत असतो. मला तो कळला जेवणाच्या सुट्टीत, शेजारी बसलेल्या एका निवृत्त होऊ घातलेल्या बाईंकडून. त्यांनी पेपर नॅपकिनवर लिहून दिला होता. त्यांची स्वतःची मुदत तीन दिवसांनी हुकली होती.

अबोली

उद्या सकाळीच करा फोन. आणि काय घडलं, कधी, कुठे, तेव्हा कोण होतं, हे आज रात्रीच घरच्या वहीत तारखांसकट लिहून ठेवा. ऑफिसच्या संगणकावर नको.

वळचण

+१. एकटं वाटलं तर मला व्यनि करा. मी कुठल्या समितीवर नाही, पण रात्री उशिरापर्यंत जागी असते.

तिरकस

वरचा माझा विनोद काढून टाकायला संपादकांना सांगितलंय. ताई, फोन करा.

नवा आयडी

वही काढली. तारखा लिहिल्या. ३५ नाही, ३८ झालेत.

नवा आयडी

फोन केला. पलीकडच्या बाईंनी आधी आजची तारीख विचारली आणि म्हणाल्या, लिहून घेतली. गुरुवारची वेळ दिलीय. बाकी व्यनित बोलते.